डाव्या गालाचं अस्तर

४ जानेवारी

खारूताई,

आशीर्वाद नेहमीचेच, पाकिटात मावतील तेवढे घातले आहेत. पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे, म्हणजे जेवढी असायची तेवढी. ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटी काढली त्याला वर्ष होत आलं. फोन आता शोभेला उरलाय, आणि त्याच्यावर लिहायला गेलं की माझी बोटं एकेका वेळी तीन-तीन अक्षरांवर पडतात. कागद बरा. कागदावर मला कुणी मधे तोडत नाही.

बाकी सगळीकडे तेच चाललंय. बाई बोलत नाही म्हटल्यावर लोकांना वाटतं हिला ऐकू येत नाही आणि कळतही नाही. डॉक्टर तुझ्या आईला विचारतो, यांना भूक लागते का. आणि 'यांना' म्हणजे मी, त्याच्या नाकासमोर बसलेली. तुझी आई मोठी बहीण असल्याच्या थाटात उत्तरं देते. मी पाटीवर लिहीपर्यंत पुढचे दोन प्रश्न होऊन गेलेले असतात.

आता मुद्द्यावर येते. मानेत कळ येते. कानामागून खांद्यापर्यंत पट्टा ताणल्यासारखी, दिवसातून दोनतीनदा. घसा किरणांचा शेक दिल्यापासून इतका आवळलाय की गोळी गिळणं जमत नाही. म्हणून डॉक्टरने वेगळी गोळी दिली. ती गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायची, तिथेच विरघळते आणि गालातून आत जाते म्हणे. पाव तासात कळ बसते म्हणे. माझी बसत नाही. कापडाचा बोळा दातांत धरून मी ती आपल्या पायांनी जायची वाट बघते.

तुझी आई हेच धरून बसली आहे. मार्चच्या सुरुवातीला डॉक्टरकडे जायचंय. तोवर घरच्या घरी कळ आवरली नाही तर वॉर्डात भरती, आणि तिथून सुटले की थेट तिच्या घरी. एकटीने राहणं बंद, दुकान बंद. तीस वर्षं मी या दुकानात लोकांच्या खुर्च्या आणि सोफे मढवले आणि मागच्या खोलीत झोपले. तिच्या घरच्या खिडकीतून रस्ता बघत बसायला मी काही कुंडी नाही.

लहानपणी घास गालात साठवून बसायचीस, गिळायचं नाव नाही, म्हणून तुला खारूताई म्हणायला लागलो. मोठेपणी नोकरीही गालाचीच धरलीस. तर सांग मला, माझ्या गालाचं काय बिघडलंय? लवकर सांग. समोरच्या न्हाव्याची फिरती खुर्ची उघडून ठेवलीय आणि बिचारा गिऱ्हाइकांना स्टुलावर बसवून दाढ्या करतोय.

तुझी,
खिळेमावशी


११ जानेवारी

प्रिय खिळेमावशी,

पाकिटावर माझ्या नावाऐवजी 'गालवाल्या बाईंना' असं लिहिलंस आणि पत्र बिनचूक माझ्या टेबलावर आलं, यावरून इथे प्रयोगशाळेत माझी काय ख्याती आहे ते समज.

माझं काम असं. सकाळी खाटकाकडून डुकराचे ताजे गाल येतात. माणसाच्या गालाशी त्यांचं खूप जमतं, आणि यावर जेवढे विनोद व्हायचे तेवढे आमच्याकडे होऊन गेलेत. आतलं अस्तर अलगद सोडवायचं, दोन काचेच्या कपांच्या मधे ताणून बसवायचं, वरच्या कपात औषध घालायचं, खालच्यात खारं पाणी, आणि बघत बसायचं पलीकडे किती उतरतं ते. गाल ताजाच लागतो. गोठवला की अस्तर आतून विस्कटतं, औषध भसाभस खाली येतं आणि आम्ही उगाच खूश होतो.

हातावरच्या कातडीला वर सुकलेला कडक थर असतो, म्हणून पाऊस आत शिरत नाही. गालाच्या आतल्या बाजूला तो नसतो. तिथे मऊ, ओले पेशींचे थर असतात, एकावर एक, आणि त्यांच्या फटींत थोडा स्निग्ध पदार्थ. तुझ्या गोळीतलं औषध या फटींतून वाट काढतं, खाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं त्यात शिरतं आणि तडक रक्तातून फिरायला लागतं. गिळलं असतं तर पोटातून आधी यकृताकडे गेलं असतं, आणि यकृत परक्याला सहज पुढे सोडत नाही. बरंचसं तिथेच संपलं असतं.

माझे दोन संशय आहेत. शेकाने तुझं तोंड कोरडं पडलंय, आणि ओल नसेल तर गोळी विरघळणार कशी? ठेवण्याआधी पाण्याने तोंड भिजव. दुसरा संशय असा की तू ती चोखतेस. चोखलीस की औषध लाळेबरोबर घशात जातं आणि गालाच्या हाती काही लागत नाही. ठेवायची आणि विसरून जायचं. जीभ लावायची नाही.

आईचा फोन येतो. तिला तुझी काळजी वाटते, हेही खरं आहे हं मावशी.

तुझी,
खारू


२० जानेवारी

खारूताई,

चोखत होते. झालं समाधान? तोंडात काही असलं की जीभ तिथे जाणारच, ती काय मला विचारून जाते? पण तुझं पत्र आल्यापासून जीभ आवरली. घोटभर पाणी फिरवून तोंड ओलं केलं, गोळी ठेवली आणि शहाण्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसले. काही नाही. कळ तशीच्या तशी. बऱ्याच वेळाने बघते तर गोळी मऊ होऊन चिकटलेली, अर्धी तशीच. थुंकून टाकली.

डॉक्टरने दुसऱ्यांदा ताकद वाढवून दिली. तिचाही तोच प्रकार. तो आता माझ्याकडे अशा नजरेने बघतो की जणू मी त्याच्या गोळीचा मुद्दाम अपमान करतेय.

परवा तुझी आई आली होती. बरोबर मोजपट्टी. मला वाटलं पडद्याचं माप घ्यायचं असेल, तर बाईसाहेब माझा पलंग मोजत होत्या. तिच्या मधल्या खोलीत बसतो की नाही ते बघायला. मी पाटीवर लिहिलं, मला विचारलंस का. तर म्हणाली, तुला काय विचारायचं, तू नाहीच म्हणणार. बरोबर आहे तिचं. नाहीच म्हणणार आहे.

न्हाव्याच्या खुर्चीच्या स्प्रिंगा बांधून झाल्या. कळ नसते तेव्हा हात पहिल्यासारखे चालतात. म्हणून तर जीव जळतो. मी काही सगळी गेलेली नाही, दिवसातून दोनतीनदा जाते आणि परत येते. तेवढ्यासाठी कुणी कुलूप लावतं का?

तिसरा संशय काढ.

तुझी,
खिळेमावशी


२८ जानेवारी

प्रिय मावशी,

हे पत्र लिहायचं मी चार दिवस टाळत होते. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

आईने मोरीत अर्धवट विरघळलेल्या गोळ्या बघितल्या. एकदा नाही, दोनदा. ती म्हणते तू गोळ्या फेकतेस, गुंगी येऊन हातातलं काम जाईल या भीतीने. आणि मला तू पुरती माहीत आहेस, त्यामुळे मला ते अशक्य वाटलं नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नळी काढून गॅलरीत फिरायला गेलेली बाई तूच ना?

माझं डोकं चालेनासं झालंय. तोंड ओलं आहे, जीभ लावत नाहीस, ताकद दोनदा वाढवली. एवढ्यावर कुणाच्याही गालातून औषध जायलाच हवं. मग एकच उरतं, गोळी गालात पुरेसा वेळ राहत नाही. खरं सांग, घेतेस ना नीट?

आईने मला डॉक्टरांना लिहायला सांगितलंय. तू त्यातली आहेस, तुझं ऐकतील, असं म्हणते. मी अजून लिहिलेलं नाही. पण वॉर्डात थोडे दिवस राहून कळ आटोक्यात आली, तर त्यात एवढं वाईट काय आहे?

तुझीच,
खारू


२ फेब्रुवारी

बाई,

तुला आज खारूताई म्हणणार नाही.

मी कुणाच्या बापाला न घाबरणारी बाई लपूनछपून गोळ्या थुंकीन? मला नको असेल तर तुझ्या आईच्या डोळ्यांदेखत थुंकेन, तिच्या चपलेवर. कळ आली की मला हातोडी धरता येत नाही, पेन धरता येत नाही, डोळ्यांपुढचं दिसत नाही, आणि तुम्ही दोघी म्हणता मी औषध फेकते. आवाज असता तर तुला इथून ऐकू गेलं असतं.

घे, कशी घेते ते लिहून देते, म्हणजे तुझ्या कपबशांना समाधान. पाण्याने तोंड ओलं करते. गोळी जिभेवर ठेवते. जिभेने ढकलून डाव्या गालात नेते, खालच्या दाढांच्या बाजूला जो खळगा आहे ना माझा, तिथे. बरोबर बसते. बसणारच, जन्मभर तिथे खिळे राहिलेत. मूठभर खिळे भरून दिवसभर ठोकायचे तरी एक कधी हलला नाही, गोळीची काय टाप. मग तोंड मिटून बसते. तुझ्या आईने मोरीत जे बघितलं ते याच्या कितीतरी नंतरचं, उरलेला चिकट लगदा. तो तोंडात ठेवून मी काय दिवा लावू?

वॉर्डात वाईट काय, असं विचारलंस. तिथे सकाळी दिवा कुणी लावायचा आणि संध्याकाळी कुणी घालवायचा, हे मी ठरवत नाही. हे वाईट आहे. तुला नाही कळलं तर राहू दे.

तुझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणे लिही डॉक्टरला. माझी काही हरकत नाही. हरकत घ्यायला मला विचारतंय कोण?

मावशी


६ फेब्रुवारी
(कुरिअरने)

मावशी, मावशी,

डावा गाल. अगं, डावा गाल.

मी तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि दोन स्टॉप पुढे गेले. तुला उभा जन्म खिळेमावशी म्हणतेय. तुझ्या दुकानात बसून बघितलंय मी, तू गालातून जिभेने एकेक खिळा पुढे आणायचीस, डोक्याकडून बाहेर, लोहचुंबकाच्या हातोडीला तो आपसूक चिकटायचा आणि दुसऱ्या क्षणी लाकडात. आणि एवढं बघून मी तुला लाळेचे धडे देत बसले.

ऐक. जिथे सतत घासलं जातं तिथे शरीर बचाव म्हणून जाड कडक थर चढवतं. टाचेला पडतो तसा घट्टा. हिरडी आणि टाळूला असा थर मुळातच असतो, रोज चावायचं काम असतं ना, म्हणून तिथून औषध फार कमी जातं. गालाला नसतो. पण तुझ्या डाव्या गालाला तू इतकी वर्षं लोखंड घासलंस. तिथे आता अस्तर राहिलेलं नसणार, रेक्झिन झालेलं असणार. तू नेमून त्याच्यावरच गोळी ठेवतेस, कारण तिथे ती छान बसते. दुसऱ्या कुणाला ही चूक करताच आली नसती.

हा अजून तर्क आहे. न्हाव्याला फोन केलाय, तो टॉर्च घेऊन येईल. त्याला दोन्ही गाल आतून दाखव. डावीकडे पांढरं दिसलं तर डॉक्टरांनी ते तपासलंच पाहिजे, तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याला नुसता घट्टा म्हणून सोडून देता येत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळी उजवीकडे ठेवू नकोस. मला माहीत आहे तू हे वाचता वाचताच उजवीकडे ठेवायला निघशील. डॉक्टरांनी ताकद दोनदा वाढवली ती डाव्या गालाचा हिशेब धरून. तीच गोळी चांगल्या गालातून गेली तर सगळीच्या सगळी एकदम जाईल. अफूच्या घराण्यातलं औषध आहे ते, कळ घालवतं आणि जास्त झालं तर श्वासही घालवतं. डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी परततात. मी बोलते त्यांच्याशी. तोवर जसं चाललंय तसं चालू दे. एवढं माझं ऐक.

गोळ्यांबद्दल जे विचारलं ते विचारायला नको होतं. तुला खोटं ठरवलं मी.

तुझी,
खारू


११ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

मी मावशींच्या समोरचा न्हावी. फोनवर नीट बोलता आलं नाही, दवाखान्यात गर्दी होती, आणि तुमच्या आईसाहेब शेजारीच होत्या. मावशी म्हणाल्या, म्हणजे लिहिलं त्यांनी, की तिला सगळं पहिल्यापासून कळव. म्हणून लिहितो.

शुक्रवारी टॉर्च घेऊन गेलो. हजारो लोकांचे गाल बाहेरून बघितले, आतून पहिल्यांदाच. उजवीकडे गुलाबी आणि चकचकीत होतं, लहान मुलाचं असतं तसं. डावीकडे दाढांच्या बाजूला तळहाताच्या घट्ट्यासारखं पांढरं, जाड, सुरकुत्या पडलेलं. मी बोट लावून बघितलं, खरखरीत लागलं. मावशींना आरशात दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग पोट धरून हसल्या. आवाज नव्हता, पण हसत होत्या.

तुम्ही सांगितलेलं उजव्या बाजूचं त्यांना मी परत वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. मी निर्धास्त झालो, ते चुकलं.

शनिवारी दुपारी तुमच्या आईसाहेब मार्चची वाट न बघता टेम्पो घेऊन आल्या. दोन माणसं होती. आधी हत्यारं आणि शिलाई मशीन हलवायचं, मावशी मग मागून येतीलच, असा बेत. नेमकी तेव्हाच मावशींना कळ आली. भिंतीला टेकल्या, रंग उतरला. आईसाहेब म्हणाल्या, हे बघा, ही एकटी राहणार. ते ऐकलं आणि मावशींनी खिशातून गोळी काढली, सगळ्यांच्या तोंडावर उजव्या गालात सारली आणि बाहेरून गालावर बोट आपटून दाखवलं.

थोड्या वेळात चेहरा सैल झाला, ताई. वर्षभरात असा बघितला नव्हता. खुणेने टेम्पोवाल्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला खिळे ठोकायला बसल्या. सहा-सात ठोकले असतील. मग हातोडी हळूहळू खाली आली. मी म्हटलं, मावशी. बघेनात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या, ओठ काळपट, आणि श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकापाशी हात धरला तर श्वास किती वेळाने येत होता. मी गाल थोपटत राहिलो, ॲम्ब्युलन्स बोलावली. तुमच्या आईसाहेब खाली बसून त्यांचे पाय चोळत होत्या आणि ओरडत होत्या, उठ, उठ म्हणतेय ना मी. मला वाईट वाटलं त्यांचं.

दवाखान्यात उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. डोळे उघडले. पहिलं काय केलं असेल, तर माझ्या खिशातलं पेन ओढून माझ्याच ॲप्रनवर लिहिलं, 'लागू पडलं'. आईसाहेबांनी ते वाचलं आणि बाहेर निघून गेल्या.

आता मावशी बऱ्या आहेत, घरी आहेत. टेम्पो रिकामाच परत गेला.

आपला,
न्हावी


१७ फेब्रुवारी

मावशी,

इतकी संतापलेय की तीन कागद फाडले. उद्या तू नसतीस तर मी या कपांकडे परत कधी बघू शकले असते का, याचा विचार केलास? एवढंच ऐक म्हटलं होतं. तुझ्या हट्टाने तू आईच्या हातात आयतं कोलीत दिलंस.

ती माझ्याकडे आली. रडली. एवढी मोठी झाले, पण तिला असं रडताना मी बघितलं नव्हतं. म्हणाली, आता तरी लिही डॉक्टरांना, एकटीच्या हातात हे औषध देणं धोक्याचं आहे म्हणून. आणि मी लिहायला बसले, मावशी. अर्धं लिहिलंही. मग लक्षात आलं, मी खोटं लिहितेय. तू एकटी होतीस म्हणून हे झालं नाही, तू तर चार माणसांच्या मधे होतीस. हे झालं कारण बंद गालाच्या मापाने वाढवलेली गोळी उघड्या गालात गेली. माझ्या प्रयोगशाळेत कुणी दोन वेगळी अस्तरं वापरून एकच निष्कर्ष काढला असता तर मी त्याला जाब विचारायला उभा केला असता.

म्हणून ते फाडलं आणि डॉक्टरांना दुसरं लिहिलं. डावा गाल जाड, बहुतेक औषध अडकत होतं. उजवा निरोगी. औषध निकामी नाही आणि रोगीही खोटा नाही. सगळ्यात कमी ताकदीपासून उजव्या बाजूला नव्याने सुरुवात करावी, पांढऱ्या भागाचा तुकडा तपासावा. त्यांचा फोन आला, पटलंय त्यांना. आईला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, तू तिच्या बाजूची झालीस. मी म्हटलं, मी गालाच्या बाजूची आहे. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

तर आता तू माझं ऐकायचं. पहिले पंधरा दिवस गोळी घेताना न्हावी समोर बसलेला पाहिजे. ताकद डॉक्टर सांगतील तीच, रतीभर जास्त नाही. आणि खिळे वाटीत ठेव, तोंडात नाही. कबूल असेल तर लिही. नसेल तर मला परत पत्र लिहू नकोस.

खारू


६ मार्च

खारूताई,

दोन गोष्टी कबूल, तिसरी नाही. तरी लिहितेय, बघ काय करायचं ते.

उजव्या गालाचं मी करायला नको होतं. त्या धसक्यात न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. पण तू तिथे नव्हतीस. माझी हत्यारं दारात, दोन परके बाप्ये माझ्या मशीनला दोर बांधतायत, आणि मला ओरडताही येत नाही. माझ्या हातात तेवढी एक गोळी होती. तू असतीस तर तूही ठेवली असतीस, खोटं बोलू नकोस.

तुकडा काढला, तपासला. नुसता घट्टा निघाला, दुसरं काही नाही. सहा महिन्यांनी परत दाखवायचाय. डॉक्टर म्हणाला खिळे सोडा, त्या गालाला विश्रांती द्या. मी पाटीवर लिहिलं, बघू. वाटीतून एकेक उचलत बसले तर एक खुर्ची दोन दिवस घेईल. आणि आता तर खिळा श्वासात जायचीही भीती नाही, माझा श्वासाचा रस्ताच तुम्ही लोकांनी वेगळा काढलाय. डावीकडे खिळे, उजवीकडे गोळी. ज्याची त्याची जागा ठरली.

न्हावी रोज येऊन बसला. लहानातली लहान गोळी, उजवीकडे, तोंड ओलं करून. मी त्याच्याकडे बघते, तो माझ्या गळ्याकडे बघतो, दोघंही नवरा-नवरीसारखे गप्प. आणि कळ बसते, खारू. पाव तासात बसते. गुंगी येत नाही, ठोके वाकडे पडत नाहीत. त्याची खुर्ची झाली, नेली त्याने. पहिला तोच बसला आणि गिऱ्हाईक उभं.

काल डॉक्टरकडे गेलो. तुझी आई बरोबर होती, तिला मीच चल म्हटलं. डॉक्टरने कागद चाळले आणि सवयीने तिच्याकडे वळून विचारलं, यांना घरी जमतंय का. ती माझ्याकडे बघायला लागली. मी उठले, त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्याच कागदावर लिहिलं, 'मला विचारा.' बिचारा खजील झाला. खुर्ची फिरवून माझ्यासमोर बसला आणि सगळं परत पहिल्यापासून विचारलं. मी प्रत्येक उत्तर सावकाश लिहिलं. त्याला थांबावं लागलं, आणि तो थांबला. शेवटी म्हणाला, वॉर्डाची गरज नाही, घरीच राहा, महिन्याने या.

बाहेर आलो तर तुझी आई पायरीवर बसली. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "आणि एकटी असताना मेलीस तर?"

मी लिहिलं, "मरेन. माझ्या दुकानात."

तिने ते वाचलं. पाटी मांडीवर घेऊन बसून राहिली. मला पुसायला देईना. मग हळूच म्हणाली, "मला एक किल्ली तरी दे."

खारू, द्यावीशी वाटली. खरंच वाटली. तिने माझे पाय चोळले ते न्हाव्याने मला सांगितलंय. पण मला माहीत आहे, किल्ली दिली की ती सकाळी मी उठायच्या आत आत येईल, पलंगाच्या कडेला बसेल, श्वास मोजेल, आणि मग कधीतरी मोजपट्टी काढेल. प्रेमानेच काढेल. मी मान हलवली. पाटी तिच्या हातातून सोडवली आणि लिहिलं, "दार वाजव."

ती चिडली. म्हणाली, वाजवून काय, तू आतून ये तरी म्हणू शकतेस का? आणि तणतणत निघून गेली.

आज दुपारी दार वाजलं. तीच होती, काचेतून दिसली. माझ्या गुडघ्याखाली खुर्चीचा ताणलेला पट्टा, गालात खिळे, मधेच सोडला असता तर सगळं सुटलं असतं. तिला थांबावं लागलं. दार नुसतं लोटलेलं होतं, ढकललं असतं तरी उघडलं असतं. तिने नाही ढकललं. मी पट्टा बसवला, शेवटचा खिळा ठोकला, आणि मग हातोडीने फळीवर दोनदा वाजवलं.

मग ती आत आली.

तुझी,
खिळेमावशी